रनआउट

वीस वर्षं उद्यमबागेत
गोल फिरणाऱ्या गोष्टींसमोर मी सरळ उभा राहिलो.
चक फिरायचा, जॉब फिरायचा,
लोखंडाचा कीस निळा पडून वेटोळ्यांनी निघायचा,
मी नाही फिरलो.
डायलचा काटा दोन शतांश हलला
तरी जॉब सोडायचो, पुन्हा धरायचो.

त्या आठवड्यात अख्ख्या शिफ्टला सर्दी होती.
मलाही आली. वैजंतानं मिऱ्यांचा काढा दिला,
तीन दिवसांत उतरली.
संपलं म्हणून मंगळवारी पहाटे उठायला गेलो

आणि खोली उजवीकडे सुटली.

पंखा बंद होता.
कॅलेंडर, देवाचा फोटो, खुंटीवरचा शर्ट
उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे,
आणि कुठंच पोचत नव्हते.
डोळे उघडे तर घर फिरायचं,
मिटले तर मी.
कान मात्र शाबूत. शेजारची मोटर, म्हशीचं हंबरणं,
बादलीत पडणारं माझंच पित्त,
सगळं नीट ऐकू येत होतं.
कुणी म्हणालं बीपी, कुणी म्हणालं डोंगरावरचं राहिलंय,
यल्लम्माचं.

रिक्षातून खडेबाजारच्या पाट्या दिसल्या.
वरची कन्नड अक्षरं गोट्यांसारखी घरंगळत चाललेली,
खालची मराठीची शिरोरेघ
एका खिळ्यावर लोंबणाऱ्या फळीसारखी कललेली.
पहिल्यांदाच दोघींची हालत सारखी.

डॉक्टर नेसरगीबाई लहान होत्या, आमच्या पोरीपेक्षा
जरा मोठ्या असतील.
"तली तिरगाकत्तैतेनु?"
मग माझ्या तोंडाकडे बघून, "गरगरूलंय?"
मी दोन्हीला मान हलवली
आणि त्या हलवण्यानंच पुन्हा ओकलो.

त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं.
"माझ्या नाकाकडं बघा. नजर सोडू नका."
उजवीकडे झटका. नजर जागच्या जागी.
डावीकडे झटका. नजर निसटली,
मग चुकलेल्या वासरासारखी धावत परत आली.
एवढा रनआउट मी जॉबला चालू दिला नसता.

"विषाणू गेला कधीच.
जाताना डाव्या कानाची तोलाची नस सुजवून गेला."
आत तीन नळ्या असतात म्हणे, वाकलेल्या,
एकमेकींशी काटकोनात, पाण्यानं भरलेल्या.
"स्पिरिट लेव्हल?" मी विचारलं.
"तसंच धरा. डावीनं बोलणं सोडलंय.
उजवी एकटीच बोलते, मेंदूला वाटतं
तुम्ही सारखे उजवीकडं वळताय."
"मग मी डावीकडं का पडतो?"
त्या हसल्या. "त्याला सावरताना."

नस भरून येईलच असं नाही.
मेंदू एकीवर भागवायला शिकतो,
पण पडून राहिलात तर तो कशाला शिकेल?

म्हणून वडगावच्या घरात, रोज सकाळी,
अंगठा समोर धरून मी नाही म्हणतो.
नाही, नाही, नाही.
मग हो, हो, हो.
पोरगी घड्याळ धरून बसते, हसू दाबते.
संध्याकाळी मागांच्या खडखडाटातून,
एक हात भिंतीवर.
मजुकरांचा पोरगा ओरडला, "काका, आज लवकरच?"
मी काही बोललो नाही. तेव्हा मला
एका वेळी एकच काम जमायचं,
चालणं किंवा उत्तर देणं.

सातव्या आठवड्यात लेथवर उभा राहिलो.
इराप्पा उगाचच मागं घुटमळत होता,
हातात कापडाचा बोळा, पुसायला काही नव्हतं.
जॉब धरला. डायल लावला.
काटा थरथरला. मी की तो, कळेना.
सोडला, पुन्हा धरला.

रात्रपाळीला लाईट गेली.
काळोखात मी अजूनही डावीकडं जातो,
गेलोच, बेडचं गार लोखंड हाताला लागलं.
इराप्पानं मोबाईलचा उजेड टाकला.
चक आपल्याच जोरावर फिरत होता, हळू, आणखी हळू.
मी त्याच्याकडं बघत राहिलो.
आमच्यात तो आधी थांबला.